कळ, चमक, ठणका आणि रशियन भाषेचं किट

रविवार, सहा जुलै. रक्कम चोवीस हजार रुपये, वर अठरा टक्के कर, म्हणजे अठ्ठावीस हजार तीनशे वीस. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, बायकोचा धाकटा भाऊ आणि टेबलापलीकडे टाय बांधलेला एक गृहस्थ, ज्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'सीनिअर काउन्सेलर' असं लिहिलं होतं. स्थळ करोल बागेतला एक भाषावर्ग, दुसरा मजला. खाली गाड्यांची सीट-कव्हरं शिवून मिळत होती आणि शिलाई मशीनचा आवाज वर येत होता. त्या इमारतीत काही काम चालू होतं ते तेवढंच.

आम्ही तिथं का गेलो ते आधी सांगतो. मुलगी व्होल्गेकाठच्या एका शहरात डॉक्टरकी शिकते. शिकवणं इंग्रजीत. पण चौथ्या वर्षापासून वॉर्डात पेशंटला स्वतः प्रश्न विचारायचे असतात, आणि पेशंट रशियन असतो. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भाषेची तोंडी परीक्षा असते. तीत ती जूनमध्ये नापास झाली. फेरपरीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यातही नापास झाली तर चौथ्या वर्षात प्रवेश नाही, वर्ष बुडणार. घरी आली तेव्हा तिनं विमानतळावरच हे सांगून टाकलं आणि फरीदाबादला घरी पोचेपर्यंत मी टॅक्सीत बुडणाऱ्या वर्षाचा खर्च मांडत होतो. जिनं तिला परदेशी धाडलं त्या एजन्सीनंच या वर्गाचा पत्ता फोनवर पाठवला होता.

काउन्सेलरनं टेबलावर एक चकचकीत खोका ठेवला.

"सर, ये कम्प्लीट मेडिकल रशियन किट है. तीन बुक्स, एक डिक्शनरी, अ‍ॅप का एक साल, और चालीस लाइव्ह सेशन."

"डिक्शनरी में शब्द कितने हैं?" मी विचारलं.

"सर, अनलिमिटेड."

छापील पुस्तकात अमर्याद शब्द कसे मावतात ते मला कळलं नाही. आमच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तयार होतात. तिथं मी खरेदीचे आणि खर्चाचे हिशेब पाहतो. पुरवठादार 'अनलिमिटेड' म्हणाला की आम्ही त्याला चहा देतो, ऑर्डर देत नाही.

मी खोका उघडायला लावला. शब्दकोश स्पायरल बांधणीचा निघाला आणि त्याची झेरॉक्सची शाई बोटाला लागली. मधलं पान काढलं: विमानतळ, संग्रहालय, बर्फावरची घसरगाडी. शेवटच्या भागावर 'मेडिकल' असं ठळक छापलेलं. त्यात दोनशे हाडं, स्नायू आणि अवयव, सगळी लॅटिन नावं, फक्त रशियन लिपीत. ही नावं आमच्या मुलीला झोपेतही येतात. पेशंटला येत नाहीत. पेशंट पोटावर हात ठेवतो आणि म्हणतो, इथं.

"इसमें 'पेट में मरोड़' कहाँ है?" मी विचारलं.

"सर, वो लेव्हल थ्री में आएगा."

"पेशंट लेव्हल थ्री तक रुकेगा?"

मेहुण्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. गुरुग्रामला तो एका मोठ्या कंपनीत आहे आणि टाय बांधलेल्या माणसाशी घासाघीस केली की त्याला लाज वाटते. काउन्सेलर मात्र हसरा राहिला. तो म्हणाला, "सर, एज्युकेशन खर्चा नहीं होता, इन्व्हेस्टमेंट होता है." हे वाक्य दिल्लीत मी इतक्या टेबलांपलीकडून ऐकलं आहे की त्याच्यापुढे येणारा आकडा मला न सांगता ओळखता येतो.

मी दोन दिवसांसाठी पुस्तक घरी न्यायला मागितलं. तशी पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा बायको म्हणाली, "भैया, नीचे मार्केट में कपड़ेवाला भी थान खोलके दिखाता है. आप तो किताब नहीं दिखा रहे." त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, आत गेला आणि 'डेमो' असा शिक्का मारलेली एक पातळ वही आणून दिली. तेवढी घेऊन आम्ही उठलो. पैसे दिले नाहीत.

मेट्रोत मेहुणा सुरू झाला. "भावोजी, तुम्ही त्या बिचाऱ्याला घाम फोडलात. आणि तसंही आजकाल हे सगळं फुकट मिळतं. माझ्या मोबाईलवर आहे. मी रोज करतो, एक दिवस चुकवत नाही."

"मामा, मग बोल ना काहीतरी," मुलगी म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि एक वाक्य सावकाश म्हटलं. शेजारचा सरदारजी वळून पाहायला लागला.

"म्हणजे काय?" बायकोनं विचारलं.

"घोडा सफरचंद खातो."

"बरं. मग?"

"मग काय ताई? वाक्य आहे."

"अरे, पण कुणी विचारलं होतं का घोड्याचं?"

मी त्याचा फोन घेऊन पाहिलं. सफरचंद झालं की पेरू येत होता, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला घंटा वाजून तारे उडत होते. मोठी, कमावती माणसं रोज रात्री जेवण झाल्यावर घोड्याला फळं चारतात आणि त्याला भाषा शिकणं म्हणतात. खर्च होत नाही म्हणून कुणी प्रश्नही विचारत नाही. काउन्सेलर निदान पैसे मागत होता, त्यामुळे त्याच्यावर संशय घेता आला.

तिसरा सल्ला घरी चालत आला. आमच्या सोसायटीत साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना बायकोकडून कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खाकी कापडात गुंडाळलेला एक जाडजूड ग्रंथ घेऊन हजर.

"घ्या साहेब. फौजेनं आम्हाला आठ महिने रशियन शिकवलं होतं. रणगाड्याचं सगळं इंजिन खोलून परत जोडायचं, आणि पुस्तक रशियन. हा कोश तेव्हापासून जपलाय."

मुलीनं तो उघडला. "काका, यात मळमळ बघू?"

"मळमळ रणगाड्याला होत नाही पोरी."

"मग चक्कर?"

"चक्कर नाही. गळती मिळेल, दाब मिळेल, इंजिन तापलं तर तेही मिळेल. बघ, तापाला चालवून घे."

त्यांचा मी अपमान करणार नाही, ते निघताना म्हणालेही, "माझ्या उपयोगाचा होता, तुमच्या असेलच असं नाही." सबंध सुटीत एवढं कबूल करणारा सल्लागार दुसरा भेटला नाही.

आता माझ्या पद्धतीबद्दल. कारखान्यात माल येतो तेव्हा सगळे खोके कुणी फोडत नाही. हजारातून वीस-पंचवीस नग उचलायचे, मोजायचे, आणि त्यावर गाडी आत घ्यायची की परत पाठवायची ते ठरवायचं. शब्दकोशाला हेच का लावू नये, हे मला कुणी सांगू शकलं नाही. विकणारे वजन दाखवतात, पानं दाखवतात, वर छापलेला आकडा दाखवतात. तुम्हाला हवा असलेला शब्द मात्र कुणी काढून दाखवत नाही.

म्हणून मी मुलीला म्हटलं, "पेशंट ज्या शब्दांत बोलतात ते तीस शब्द लिहून दे. त्यावर सगळं तपासू."

तिनं लिहिलं: वेदना, ताप, खोकला, रक्तदाब. चार. पाचव्याला पेन थांबलं.

"दुखतं कसं ते लिही," मी म्हणालो. "चमक निघते, कळ येते, ठणकतं."

"चमक म्हणजे? शाइन?"

दिल्लीत वाढलेल्या मुलांचं हे असं. पोटरीला ती 'काफ' म्हणते, बरगड्यांना 'रिब्स', आणि ठणका हा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता, कारण घरात ज्यांना ठणका लागतो ते दोघंही तिला इंग्रजीत सांगतात. शेवटी बायकोला बसवलं. तिनं स्वयंपाकघरातूनच सांगायला सुरुवात केली आणि थांबेना. गुडघ्यात चमक, जिना चढताना जास्त. पायाला मुंग्या. सकाळी बोटं आखडलेली. जेवल्यावर छातीत जळजळ, घशाशी आंबट. डोकं एका बाजूनं ठणकतं. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी. मधूनच धडधड.

"आई, हे सगळं तुला होतं?"

"तीस म्हणालात ना? मी अजून सतरावरच आहे," बायको म्हणाली. "आणि म्हणजे काय, आता मी नमुना का तुमच्या कारखान्याचा?"

तीस शब्द झाले. मग तपासणी. करोल बागेच्या डेमो वहीत दोन मिळाले. मेहुण्याच्या घोड्याकडे एक. सुभेदारांच्या ग्रंथात चार, तेही इंजिनाकडून उसने. मोबाईलवर एक साधा शब्दकोश फुकट उतरवून घेतला होता, ना घंटा ना तारे. त्यात अठ्ठावीस मिळाले. चोवीस हजार अधिक कर एका बाजूला आणि शून्य दुसऱ्या बाजूला. मी ती वही मेहुण्याच्या हातानं करोल बागेत परत पाठवली. निरोप काय द्यायचा, विचारलं त्यानं. काही नको म्हणालो.

तरी छापील हवाच होता, कारण वॉर्डात फोन काढू देत नाहीत. पुढच्या रविवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेलो. मुलगी आणि मी, दोघंच. रशियन शब्दकोशांचा एक ढीग होता. विकणारा म्हणाला, "तौल के ले लो साब, दो सौ रुपये किलो." सगळ्यात वरचा उचलला तो दोन किलोंच्या पुढे. कागद उत्तम, छपाई उत्तम, आणि सामूहिक शेती, पंचवार्षिक योजना, ट्रॅक्टर चालवणारी स्त्री यांना शब्द भरपूर. माझ्या शब्दांपैकी एकोणतीस त्यात सापडले. पण तो कोश हातात धरून कुणी पेशंटच्या उशाशी उभं राहू शकत नाही, पेशंटच घाबरेल. असे ग्रंथ मी दिल्लीच्या अनेक बैठकीच्या खोल्यांत, काचेच्या कपाटात, पितळी हत्तीच्या शेजारी पाहिले आहेत. घेणाऱ्याला वाटतं, कपाटात भाषा आली. माझ्या माहितीतले एक जण तर दर दिवाळीला तो पुसतात.

मुलीनं खालून एक छोटा काढला. खिशात मावेल असा, कोपरे झिजलेले. तिनं तो डॉक्टरी कोटाच्या खिशाचं माप म्हणून आपल्या पंज्यावर धरून पाहिला. "बाबा, यात शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते दाखवलंय. स्पायरलवाल्यात नव्हतं." ते नसेल तर शब्द वाचता येतो पण बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं. तपासला, बावीस मिळाले. छोटे कोश तोलून नव्हते, नगावर: अडीचशे सांगितले, एकशे ऐंशीला दिला. मी समाधानानं घरी आलो. मला वाटलं, काम झालं.

पुढचे दहा-बारा दिवस ती रोज सकाळी बाल्कनीत बसून पाठ करायची. मी चहा घेत ऐकायचो. तीस शब्द तीन दिवसांत झाले, मग साठ, मग शंभर. पोरगी हुशार आहे, त्याबद्दल आमच्या घरात कधी वाद नव्हता. एवढ्या हुशार मुलीला तीन वर्षांत हे का आलं नाही, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, जेवताना.

मी म्हणालो, "आता दुसरा नमुना घेऊ. आईचे शब्द झाले. आता तू वॉर्डात जे प्रत्यक्ष ऐकलंस आणि तुला कळलं नाही, असे तीस सांग."

"असे शब्द नाहीयेत, बाबा."

"नाहीत? म्हणजे सगळं कळलं?"

तिनं पोळीचा तुकडा ताटातच फिरवला. "काही ऐकलंच नाही यार."

मग एकेक निघालं. तिसऱ्या वर्षी वॉर्डात गटानं नेतात, बारा जणांचा गट असतो. त्यात राजस्थानचा एक मुलगा आहे, त्याला रशियन चांगलं येतं. तो पेशंटजवळ उभा राहून विचारतो आणि इंग्रजीत सांगतो. बाकीचे अकरा भिंतीशी उभे राहून लिहून घेतात. शिक्षक वही पाहतात, वही बरोबर असते.

"आणि बाहेर? दुकानात?" मी विचारलं.

"आपलं आपण स्कॅन करायचं मशीन असतं."

"बसमध्ये?"

"कार्ड टेकवायचं."

"हॉस्टेलमध्ये तरी?"

"आमचा अख्खा मजला इंडियन आहे. वॉर्डन मॅम लखनौच्या आहेत. मेसमध्ये राजमा-चावल असतं, गुरुवारी पोहे. आई, तुला तर फोटो पाठवते ना मी."

पाठवायची. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज फोटो येतात. बाहेर बर्फ आणि आत पाच दिवसांचा गणपती, मोदक, नऊवारी नेसलेल्या मुली. खाली पालकांचे हात जोडलेले. आम्हीही जोडले. एजन्सीच्या पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'घर से दूर, घर जैसा', आणि या भारतीय हॉस्टेलचे, भारतीय जेवणाचे, भारतीय वॉर्डनचे दरवर्षी वेगळे पैसे होते, डॉलरमध्ये. दोन विद्यापीठांतून हे निवडलं ते त्याच ओळीवर. दुसरीकडे रशियन मुलींबरोबर खोली होती आणि जेवण स्वतः करून खायचं होतं. बायकोनं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, जेवणाचं काय? मी तर तक्ताच केला होता. तीन वर्षं आम्ही परदेशात न जाण्याचे पैसे भरले आणि ते वेळेवर भरले. महाराष्ट्रातून, हरियाणातून, उत्तर प्रदेशातून शेकडो घरं हेच करतात: पोरांना चार हजार किलोमीटर लांब पाठवायचं आणि तिथं त्यांच्याभोवती फरीदाबाद बांधून द्यायचं.

मी एजन्सीला फोन लावला. जे हॉस्टेल मुलीला बोलू देत नाही त्याचे चौथ्या वर्षाचे पैसे परत मिळतील का, एवढंच विचारलं.

"सर, वो तो सिस्टम में चढ़ गया."

"उतार दीजिए."

"सर, नहीं होता. और देखिए, इंडियन हॉस्टेल पेरेंट्स ही माँगते हैं. हम क्या करें?" एवढं मात्र खरं होतं. त्यावर तो लगेच म्हणाला, "बच्ची को रशियन की प्रॉब्लेम है तो करोल बागवाले पार्टनर का किट ले लीजिए ना. आपको टेन परसेंट डिस्काउंट करा देंगे."

म्हणजे हा माणूस आधी मुलीच्या कानांवर झाकण बसवण्याचे पैसे घेतो आणि मग ते काढण्याचे. दोन्हीकडे त्याचं कमिशन. मी फोन ठेवला. त्याला शिव्या द्यायच्या राहून गेल्या, याचं बायकोला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "मी हॉस्टेल सोडते."

तिची मणिपूरची एक सीनिअर होती. ती एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहायची. सीनिअरचं शिक्षण संपलं, खोली रिकामी झाली होती. बाई एकट्या, आयुष्यभर पावाच्या कारखान्यात काम केलं, नवरा गेला, मुलगा लांबच्या शहरात. "सीनिअर सांगायची, आजी दिवसभर बोलतात. गुडघे, ब्लड प्रेशर, शेजारीण, पेन्शन. कंटाळा यायचा म्हणे तिला. बाबा, मला तेच हवंय. आणि महिनाभर आधी गेले तर परीक्षेपर्यंत जमेल."

"परक्या बाईच्या घरी?" बायको म्हणाली. "काय शिजत असेल तिथं देव जाणे."

"बटाटे, आई. बिल्कुल बटाटेच."

"आणि आजारी पडलीस, रात्री काही झालं, तर?"

"तर मला रशियनमध्ये सांगावं लागेल."

बायको उठून आत गेली. दोन दिवस ती या विषयावर बोलली नाही. मी भाडं विचारून ठेवलं: महिन्याला बारा हजार रूबल. रूबल आणि रुपया सध्या जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे हिशेब सोपा. मेसचे बुडीत पैसे धरूनही वर्ष बुडण्यापेक्षा ते फार कमी होतं. पण बायकोच्या गप्प बसण्याला माझ्याकडे आकडा नव्हता. एकुलती एक मुलगी. तीन वर्षं फोटोतल्या पोह्यांवर तिचा जीव टिकून होता.

शनिवारी दुपारी मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक फुलाफुलांचा पडदा, मग एक रुंद, गोरा, सुरकुतलेला चेहरा. डोक्याला रुमाल. बाई मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या. मुलीनं पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. बाईंनी मान डोलावली आणि मग जे सुरू झालं ते थांबेना.

मुलगी गडबडली. शब्दकोशाची पानं उलटायला लागली. "एक मिनिट... आजी काहीतरी पायाचं... एक मिनिट हां..."

बाईंनी ओळखलं. त्या थांबल्या, फोन खाली नेला, झगा वर करून डावा गुडघा दाखवला, त्यावर थाप मारली, मग दोन बोटांनी हवेत पायऱ्या चढल्या आणि तोंड वेडंवाकडं केलं.

माझ्या मागून बायकोचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "अगं, डावा गुडघा. जिना चढताना चमक निघते. चढताना, उतरताना नाही. एवढं कळत नाही? पुस्तकात काय शोधतेस?"

ती पुढे आली, कॅमेऱ्यासमोर बसली, आपला उजवा गुडघा दाखवला आणि त्याच दोन बोटांनी हवेत पायऱ्या चढल्या. बाई टाळ्या वाजवून हसल्या. मग दोघींचं पाऊण तास चाललं, एकीचं रशियन आणि दुसरीचं मराठी. मुलगी मध्ये बसून एकेक शब्द पकडत होती आणि वहीत नाही, तोंडानं परत म्हणत होती. बाई चूक झाली की बोट हलवायच्या. मला कुणी काही विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "एकटीच आहे गं ती. तिला हिंग घेऊन जा. गॅसेसचा पण त्रास आहे तिला."

"तुला ते कुठून कळलं?" मी विचारलं.

"पोटावर हात फिरवत होती की. तुम्ही बघत काय होतात?"

तिकिटाची तारीख अलीकडे आणायला सहा हजार आठशे रुपये लागले, विमान कंपनीला. अकरा ऑगस्टला ती गेली. मामानं विमानतळावर घोड्याचं अ‍ॅप तिच्या फोनवर टाकून दिलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेतच तिनं ते काढलं. त्यानंतर तिचे फोन कमी झाले आणि आले तरी लवकर संपायचे, कारण मागून बाई हाका मारायच्या. पोह्यांचे फोटो बंद झाले. पालकांच्या गटावर दोन बायांनी आडून विचारलं, "हॉस्टेल सोडलं म्हणे? सगळं ठीक आहे ना?" बायको सरळ गटातून बाहेर पडली.

सप्टेंबरात परीक्षा झाली. एक प्राध्यापिका खाटेवर पेशंट म्हणून आडवी झाली आणि मुलीनं तिला वीस मिनिटं प्रश्न विचारले. पाचांपैकी तीन गुण मिळाले. तीन म्हणजे पास, काठावर. तिच्या बारा जणांच्या गटातले चार जण पुन्हा नापास झाले. चौघंही त्याच मजल्यावरचे. एजन्सीनं त्या महिन्यात पालकांच्या गटावर, ज्यात मी अजून होतो, नवं पोस्टर टाकलं: मेडिकल रशियन किट, आता वीस टक्के सवलत. खाली पालकांचे हात जोडलेले होते. मेहुणा म्हणाला, "बघा भावोजी, शेवटी मोबाईलच कामाला आला. व्हिडिओ कॉल." मी त्याला चहा दिला.

ऑगस्टचे वीस दिवस आठ हजार रूबल आणि सप्टेंबरचे बारा हजार, एकूण वीस हजार रूबल. मुलीनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या बाईंच्या हातात रोख ठेवले. बाईंनी न मोजता एप्रनच्या खिशात टाकले. पावतीला रशियनमध्ये काय म्हणतात ते आता तिला येत होतं आणि तिनं ती मागितलीही, पण बाई हसल्या आणि सूप वाढायला उठल्या, त्यामुळे ती रक्कम मी मुलीच्या तोंडच्या शब्दावर मांडली आहे.